चिंधीचं घर

हसू नका मित्रांनो. मी एक जुनी, फुटकी मातीची कुंडी आहे आणि माझा मुक्काम माशांच्या टाकीत आहे.

कुंभाराने मला घडवले तेव्हा माझ्या नशिबी मोगरा होता. शिंपीकाकांच्या दुकानाच्या पायरीवर मी तो काही वर्षे फुलवला. कौतुक मोगऱ्याचे व्हायचे, माझे कोण करणार? मग एकदा कापडाचा गठ्ठा उतरवताना काकांचा पाय लागला आणि माझ्या पोटाला भगदाड पडले. काकू मला कचऱ्यात टाकायला निघाल्या.

"थांब गं," काका म्हणाले, "माझ्या माशांच्या कामी येईल."

त्यांनी माझ्या फुटक्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या आणि मला टाकीत उपडी बसवले.

शिलाई मशीनशेजारच्या त्या टाकीत सिक्लिड जातीचे दोन मासे होते. दिसायला देखणे, स्वभावाने तिखट. थोरल्याचे नाव फौजदार. सगळी टाकी आपल्या बापाची असल्यासारखा तो फिरायचा. धाकटीची शेपटी आणि पर त्याने कुरतडून पार फाडले होते, म्हणून काका तिला चिंधी म्हणायचे. तो मागे लागला की ती माझ्या भगदाडातून आत शिरायची. भगदाड तिच्याच मापाचे, फौजदाराचे नुसते तोंड आत जायचे. आत ती थरथरायची, ते मला कळायचे. फुटल्याचे दुःख मला तेव्हापासून उरले नाही.

काका माशांना जीव लावायचे. आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेले पाणी घालायचे, तेही एका वेळी थोडेच बदलायचे. दाणे चिमटीत मावतील तेवढेच. पण स्वच्छतेचे त्यांना भारी वेड. कापडावर डाग खपत नाही, तसे माझ्यावरचे शेवाळही खपेना. एका सकाळी त्यांनी मला बाहेर काढले, ब्रशने खसाखसा घासले आणि खिडकीत उन्हाला ठेवले. तेवढ्यात गिऱ्हाईक आले, मापे घेणे सुरू झाले आणि माझी आठवण कुणालाच राहिली नाही.

खिडकीतून मला सगळे दिसत होते. चिंधी माझ्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत होती आणि फौजदार तिला धडकांवर धडका देत होता. मला ओरडावेसे वाटले, पण मातीला कुठला आवाज? दुपारपर्यंत ती कोपऱ्यात आडवी पडली.

चहा घेऊन आलेल्या काकूंच्या नजरेस ते पडले. "अहो! घर झाडायचं म्हणून घरच उचलून बाहेर ठेवतात का?"

काकांच्या हातातली टेप गळून पडली. त्यांनी लगबगीने मला आत ठेवले, पण फौजदार आधीच माझ्या दारात ठाण मांडून बसला. चिंधी जवळ येईना.

"आता काय करू गं?" काकांनी विचारले.

"पोरं खिडकीजवळच्या जागेवरून भांडायची, तेव्हा काय करायचो आपण? सगळ्याच खाटा फिरवायचो. कुणाची जागा कुठली, तेच त्यांना कळायचं नाही."

काकांनी बाह्या सरसावल्या. दगड इकडचे तिकडे केले, मधोमध एक उंच दगड पडद्यासारखा उभा केला आणि मला त्याच्या आड ठेवले. फौजदार बावचळला. या नव्या मुलखात आपली हद्द कुठे सुरू होते, हेच त्याला उमजेना. तो शोधत राहिला आणि चिंधी तळाशी सरपटत येऊन माझ्या पोटात शिरली.

काकांनी डोळे पुसले. काकू म्हणाल्या, "चहा गार झाला."

हळूहळू चिंधीचे पर पुन्हा भरून आले. काका काचेला नाक लावून म्हणाले, "सुईदोरा न घेता शिवलं की हिनं!" फौजदार मात्र सुधारला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पण आता दोघांनाही आपापला कोपरा आहे.

माझ्यावर शेवाळ पुन्हा चढले आहे. काका ब्रश घेऊन येतात, पण हात पाण्यात घालण्याआधी वाकून बघतात, आत कुणी आहे का. मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायला निघालात, तर तेवढे आधी करा.