फलाटावरची बाई

रामकिसन गेल्यावर त्यांच्या हौसेची छोटी रेल्वे केशरबाईंनी सांभाळली. जालन्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, फळीवर एक स्टेशन होतं. दर रविवारी सकाळी त्या स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसायच्या. डबे जुने दिसावेत म्हणून रामकिसन एमआयडीसीतून आणलेली गंजाची पूड रंगात कालवून लावत. ते काम त्यांच्यासोबतच थांबलं होतं.

तरी डब्यांवरचा गंज वाढत होता. एकदा लेक शीतलनं त्याला बोट लावलं, तर रंग ओला होता.

"आई, तू रंगवून राह्यली का?"

"न्हाई बाई. हा हात तुझ्या बाबांचाच."

फलाटावर हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी असे. रामकिसननी ती केशरबाईंवरूनच केली होती. पुढच्या रविवारी ती डब्याच्या दारात उभी दिसली. तिचे केसही पांढरे झाले होते.

केशरबाईंनी तिला परत फलाटावर ठेवलं.

"इतक्यात न्हाई हो," त्या फळीकडं बघत म्हणाल्या. "शीतलचं बाळंतपण होऊ द्या. मंग येते."

आठवड्यानं बाई जागच्या जागी होती. फक्त तिच्या पायाशी एक इवलीशी पिशवी आली होती.

केशरबाईंनी ती हलवली नाही. रूळ पुसले आणि त्या शीतलसाठी मेथीचे लाडू वळायला बसल्या.