टाकीचं झाकण

धुऱ्याच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाच्या, वादाची तारीख नांदुऱ्याच्या तहसिलीत सकाळी अकराची होती. हजर राहिला नाहीत तर धुरा गेला समजा, असं वकिलाने दोनदा बजावलं होतं. आणि सव्वादहाला शालिग्रामची पंचवीस वर्षांची गाडी नांदुऱ्याच्या रस्त्यावर बंद पडली, ती नेमकी माणिकरावच्या गॅरेजपुढे. माणिकराव म्हणजे चार महिन्यांनी धाकटा चुलतभाऊ, आणि धुऱ्याच्या पलीकडचा पक्षकार.

तोही तारखेलाच निघाला होता. मोटरसायकलची किक सोडून तो आला.

"काऊन बे, इथंच मुक्काम?"

"दोन किलोमीटर चालते अन् मरते. तुले नाही विचारलं."

"मी तुले नाही, गाडीले विचारून राह्यलो."

पाठीमागे बसलेल्या शालिग्रामच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, वादाच्या फायलीवरची धूळ झटकली. "भाऊजी, लवकर पाहा."

माणिकरावने बॉनेट उघडलं, कार्बोरेटरचा पाइप काढला. "मार स्टार्टर." पाइपातून पेट्रोलचे चार थेंब आले, तेही कुरकुरत. फिल्टर साफ होता, पंपही ठीक. मग तो मागे गेला आणि टाकीपाशी थबकला. झाकणाला कुलूप होतं.

"चावी दे."

"काऊन?"

"तुह्यं पेट्रोल प्यायले."

शालिग्रामला यात विनोद दिसला नाही. माणिकराव पेट्रोल चोरतो, तेही झाकणाच्या टाचणीएवढ्या भोकातून नळी घालून, अशी त्याची खात्री होती. म्हणून ते भोक त्याने मेणाने बुजवलं होतं आणि खाली सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं होतं.

पुष्पाबाईंनी चावी काढून दिली. झाकण फिरताच टाकीने हवा आत ओढली. स्सस्स, बराच वेळ. स्टार्टर मारताच पाइपातून धार लागली.

"मेण कोनं लावलं?"

शालिग्रामने त्याच्या हातातलं झाकण काढून घेतलं.

"पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा आत पाह्यजे. तू टाकीचा गळा दाबला. मेण काढ, जाय."

"अन् तहसीलच्या आवारात तुह्या पाहण्यात भोक उघडं ठेवू?"

"ठेवू नको. वाटंत मर."

शालिग्रामने झाकण घट्ट लावलं, मेणासकट, आणि कुलूप ओढून पाहिलं. गाडी दिमाखात निघाली. दोन किलोमीटरवर मेली.

माणिकराव मागून आला, हसला, थांबला मात्र नाही. पुष्पाबाई उतरून रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या, तेव्हा थांबावं लागलं.

"चला वहिनी, बसा."

"पुष्पे, तो दुश्मन हाय."

"हाव. पण त्याची गाडी चालते. सातबाऱ्यावर माह्यंही नाव हाय, सही करीन मी." फाईल पोटाशी धरून त्या मागे बसल्या. "भाऊजी, तिथं मी तुमाले सोडणार नाही."

"नका सोडू. गैरहजरीवर जिंकलो म्हणून गाव हसंल मले. समोरासमोर हरवतो तुमाले."

दोघं भांडत भांडत नांदुऱ्याकडे दिसेनासे झाले. शालिग्राम उतरला, गाडीला वळसा घालून टाकीशी आला आणि तिला पाठ टेकून राखणीला बसला.