आण्णाप्पाची डब्याची गाडी

“तू बसून ऱ्हा. मी बघतो,” म्हणत आण्णाप्पा गाडीवरून उतरला खरा, पण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावाबाहेरचा चढ अर्धाही झाला नव्हता, तोवर इंजिन कुथलं, खडखडलं आणि मुकाट बंद पडलं. तापलेल्या ऑइलचा वास सुटला. त्यानं बोट जिभेला लावून इंजिनच्या पात्यांवर टेकवलं. चर्र झालं.

मोटारसायकलच्या डाव्या अंगाला जोडलेल्या डब्यात त्याची बायको अंबुबाई काठी धरून बसली होती.

मागून उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर ओळखीचा.

“काका, दोरी बांधू काय?”

नाही म्हणायची सोयच नव्हती. ज्या गल्लीतून घटकाभरापूर्वी आण्णाप्पा हॉर्न वाजवत बाहेर पडला होता, त्याच गल्लीतून ट्रॅक्टरमागं ओढत गाडी परत आली. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी हसलं नाही, उलट दोघा-तिघांनी हळहळून “अगाई” म्हटलं. आण्णाप्पाला ते जास्त लागलं.

घरासमोर आल्यावर अंबुबाई उतरली, पायरीवर टेकली आणि म्हणाली, “माझ्या वजनानंच झालं.” आजारापासून तिची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ती ओझं उतरवून ठेवल्यासारखा ठेवायची.

“तुझं कसलं वजन? वाळकी काडी तू.”

“न्हाय. माझ्यामुळंच. जयाला फोन करा. मी येत न्हाय म्हणावं.”

जया म्हणजे जयाबाई, अंबुबाईची धाकटी बहीण, नंदगडला दिलेली. तिची मुलगी दिपाली शाळेपासून कॉलेजपर्यंत इथं कंग्राळीत, अंबुबाईच्या हाताखालीच वाढली. आता तिला सातवा लागला होता आणि डोहाळजेवण पुढच्या रविवारावर आलं होतं. “मावशी आल्याबिगर मी ओटी भरून घेणार न्हाय,” असं तिनं फोनवर बजावून सांगितलं होतं.

मुलगा पुण्यात. तो म्हणायचा, “आप्पा, भाड्याची कार करा की, एवढं काय त्यात?” त्याला माहीत नव्हतं. अंबुबाईच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा दवाखान्यातून तिला कारनंच आणलं होतं. कारमधून बाहेर काढताना दोघा बाप्यांनी तिला काखेतून उचललं होतं. लुगडं गुडघ्यावर सरकलं होतं, आणि सगळी गल्ली बघत होती. त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. “मला उचलून न्यायला मी पोतं न्हाय,” एवढंच एकदा बोलली होती.

आण्णाप्पानं ते मनात ठेवलं. तो शहरातल्या उद्यमबागच्या एका फाउंड्रीत जन्मभर मोल्डर होता. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. निवृत्त झाला तरी हात गप्प बसत नव्हते. घरात जुनी शंभर सीसीची मोटारसायकल होती. तिला त्यानं डबा जोडायचं ठरवलं. डब्याचं दार पूर्ण आडवं उघडायचं. आतली खुर्ची गोल फिरून बाहेर यायची. अंबुबाईनं डावा पाय टेकायचा, काठी रोवायची आणि उभं राहायचं. कुणी हात लावायची गरज नाही. खुर्ची फिरायला लागली तेव्हा त्यानं तिला तीनदा बसवून तीनदा उठवलं होतं, आणि चौथ्यांदा ती आपणहून बसून हसली होती.

आणि आता ही गाडी चढावर मेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं नागेंद्रला बोलावलं. नागेंद्रचं गॅरेज हमरस्त्यावर होतं. घरची बोली कानडी, पण मराठी अस्खलित. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, खुर्ची फिरवून बघितली आणि आधी बसकण मारून कौतुकच केलं.

“भारी की ओ अण्णा! हे कुठं बघून केलासा?”

“बघून न्हाय. तिच्या गुडघ्याचं माप घेऊन केलंय. पण त्ये ऱ्हाऊ दे. कशानं तापती, ते सांग.”

नागेंद्रनं प्लग काढला. टोक पांढरं पडलं होतं.

“हे बघा. पेट्रोल कमी, हवा जास्त. मायलेजसाठी स्क्रू आवळलाय कुणीतरी.”

“मीच,” आण्णाप्पा म्हणाला.

कार्ब्युरेटर साफ झाला, स्क्रू जागेवर आला. करपलेलं ऑइल बदललं. सायलेन्सरमधली काजळी झाडली. ब्रेक धरून बसलाय का म्हणून दोघांनी चाकांचे ड्रम चाचपले, तर ते थंडगार. झडपांच्या टॅपेटचं अंतर बघितलं, तेही बरोबर. “आता पळंल बघा,” म्हणून नागेंद्र गेला. संध्याकाळी आण्णाप्पा चक्कर मारून आला. पहिल्यापेक्षा लांब गेली, पण शेवटी तापलीच.

जेवताना अंबुबाई म्हणाली, “सांगितलं काय जयाला?”

त्यानं भाकरी मोडली. घास तसाच हातात राहिला. मग एकदम त्याच्या डोक्यात आलं, की आपण आत्ता एकटेच गेलो होतो. डबा रिकामा होता!

“अगं,” तो जवळजवळ ओरडलाच, “तू बसली नव्हतीस गं! तरीबी तापली! तुझ्या वजनाचा काय संबंध न्हाय. ऐकलंस? काय सुदीक संबंध न्हाय!”

गाडी बिघडलेलीच होती, पण म्हातारा एवढा खूश झाला होता, की अंबुबाईलाही तोंड फिरवून पदर लावावा लागला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “मग कुणाचा दोष?”

“त्येच तर हुडकतोय.”

“उद्या मला बसवा. बघू तरी.”

सकाळी ती खुर्चीत बसली, खुर्ची आत फिरली, दार लागलं. या खेपेला तो चढाकडं गेला नाही, शेतांमधल्या सपाट रस्त्यानं निघाला. दोन्ही बाजूंना बटाट्याची रानं, पलीकडं धुक्यातून वर येणारं ऊन. इंजिनाच्या आवाजाकडं कान लावून तो चालला होता. अंबुबाई काहीतरी म्हणत होती, ते त्याला ऐकू आलं नाही. तिनं काठीनं टाकीवर ठोकलं. त्यानं गाडी थांबवली.

“काय झालं? दुखतंय काय?”

“न्हाय.” ती शब्द जमवत राहिली. तो थांबला. आता त्याला थांबायची सवय झाली होती. “गाडी... पळतीया. पण मला... वारं लागंना.”

“म्हंजे?”

“केस बगा. एक हलंना. घरात बसल्यावानी वाटतंय.” आणि मग डाव्या हातानं इंजिनाकडं बोट करून म्हणाली, “मला न्हाय लागत. मग त्येला कुठनं लागंल?”

आण्णाप्पा पुढं जाऊन गाडीसमोर उभा राहिला. समोर त्यानंच केलेला पत्रा होता. डब्याच्या नाकापासून थेट मोटारसायकलच्या गार्डपर्यंत, एकसंध, मधे कुठंही सांधा नसलेला. चिखल उडू नये, तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून केलेला. लाकडी हातोडीनं चार दिवस ठोकून त्याला गोलाई आणली होती. सगळ्या गाडीत त्याला सर्वांत जास्त अभिमान कशाचा होता, तर या पत्र्याचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आधी हाच दाखवायचा. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन त्यानं या देखण्या भिंतीआड कोंडून घातलं होतं, आणि प्लगपासून ब्रेकपर्यंत सगळीकडं दोष शोधला होता, तेवढं इथं सोडून.

“जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलो,” तो पुटपुटला, “आणि वाऱ्यालाच इसरलो.”

“लई चांगला झालाय पत्रा,” अंबुबाई म्हणाली. तिला त्याचं मन कळलं होतं. “कापाय नको. दुसरं काय तरी बगा.”

“दुसरं काय न्हाय. ह्योच कापायचा.”

घरी आल्यावर त्यानं कात्री घेतली. पहिला काप देताना हात थोडा अडला, मग अडला नाही. इंजिनसमोरचा भाग त्यानं तिन्ही बाजूंनी कापला, पण तोडून टाकला नाही. आत वाकवून त्याचं तोंड पात्यांकडं वळवलं, म्हणजे समोरचा वारा धरून थेट इंजिनवर येईल. डब्याच्या बाजूलाही वरची कड उतरवली.

“धूळ येईल तुझ्या तोंडावर,” तो म्हणाला.

“येऊ द्या की. किती दिवसांत बसली न्हाय.”

त्या संध्याकाळी गाडी सगळा चढ चढून गेली. कट्ट्यावरच्यांनी बघितलं. आण्णाप्पानं हॉर्न मात्र वाजवला नाही.

रविवारी सकाळी दोघं निघाले. शहर ओलांडलं, पिरनवाडी मागं पडली. देसूरच्या पुढं मोकळा रस्ता लागला आणि अंबुबाईचा पदर डोक्यावरून उडून खांद्यावर पडला. तिनं तो सावरला नाही. खानापूरला मलप्रभेच्या पुलाअलीकडं त्यानं गाडी थांबवून इंजिनजवळ हात नेला. ऊब होती, पण रागावलेली नव्हती. त्यानं बायकोला पाणी दिलं, स्वतः प्यायला आणि पुन्हा किक मारली.

नंदगडात जयाबाईच्या दारात मांडव होता. गाडी थांबताच माणसं धावली. जयाबाईचा नवरा हात पुढं करून म्हणाला, “धरा रं, धरा आक्काला.”

“कुणी हात लावायचा न्हाय,” आण्णाप्पा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण साडू दोन पावलं मागं सरला.

दार आडवं उघडलं. खुर्ची फिरली. अंबुबाईनं डावा पाय टेकला, काठी रोवली आणि उठली. केस विस्कटलेले, भुवयांवर लाल धूळ, लुगड्याची चुणी न् चुणी जागेवर. आतून दिपाली पोट सांभाळत आली आणि मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. “रडू नगंस,” अंबुबाई म्हणाली, “चल, ओटी भरायची हाय.” आणि काठी टेकत, आपल्या पायांनी आत गेली.

बाहेर गाडीभोवती गडीमाणसांचा घोळका जमला. आण्णाप्पा वाकून पत्रा दाखवत होता. वारा समोरून येतो, असा आत वळतो, असा पात्यांवर जातो.

आत ओटी भरून झाली होती आणि बायका एकेकीला नाव घ्यायला लावत होत्या. एके काळी अंबुबाईचे उखाणे ऐकायला गल्ली गोळा व्हायची. कुणीतरी म्हणालं, “मावशी, आता तुमी.” जयाबाई लगेच म्हणाली, “असू दे गं. तिला बोलाय तरास हुतो.”

मग आत शांतता झाली. ती इतकी लांबली, की बाहेरचेही गप्प झाले.

“आण्णाप्पा,” खिडकीतून अंबुबाईचा आवाज आला. सावकाश, पण अक्षर न् अक्षर सुटं. बायका पुढच्या ओळीसाठी थांबल्या. पुढं काही नव्हतं. तिला जेवढं म्हणायचं होतं, तेवढं म्हणून झालं होतं.

“मग वारं आत कुठनं जातं म्हणालासा?” घोळक्यातल्या एकानं विचारलं.

आण्णाप्पाला सांगायचं होतं. पण तो नुसता हातानं दाखवत राहिला.