वाक्यात उपयोग

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. नलूताई गेल्याचं मला एका बुधवारी सकाळी कळलं. रोज सात वाजता मला पुसणारं ओलं फडकं त्या दिवशी आलं नाही. मग समोरच्या चहाटपरीवर कोणी तरी हळूच म्हणालं, "यवतमाळहून फोन आला. नलूताई राहिली नाही."

मी आधी बोरी अरब गावच्या बुद्धविहाराचं सागवानी दार होतो. नवं दार बसलं, तेव्हा नलूताईच्या नवऱ्यानं, धर्मपालनं, माझी फळी रंधा मारून गुळगुळीत केली, काळा रंग दिला आणि मला वाचनालयाच्या भिंतीला ठोकलं. अकरा वर्षं नलूताईनं माझ्यावर रोज एक शब्द आणि त्याचा अर्थ लिहिला. 'वाक्यात उपयोग' मात्र गावानं सांगायचा. आवडलेलं वाक्य ती संध्याकाळी लिहायची. सकाळी धर्मपाल मला पुसायचा. आपलं अक्षर चांगलं नाही, म्हणून त्यानं तेवढंच काम घेतलं होतं.

'शिताफी' या शब्दाला ऑटोवाल्या राजकुमारचं वाक्य लागलं होतं: 'मी शिताफीनं फुकटचा चहा पितो.' टपरीवाला आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

शेवटचा शब्द मंगळवारचा. 'निष्प्रभावी: ज्याचा काहीच परिणाम होत नाही असा.'

"लिहा ताई," राजकुमार म्हणाला. "धर्मपालभाऊचा राग बायकोसमोर निष्प्रभावी ठरते."

नलूताई खूप हसली. "हेच लिहीन संध्याकाळी."

दुपारी तिच्या छातीत दुखू लागलं. राजकुमारच्याच ऑटोतून तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

आता धर्मपाल रोज येतो. फडकं ओलं करतो आणि तसाच उभा राहतो.

"पुस ना बाप्पा," शेजारची हंसाबाई परवा म्हणाली. "महिना झाला, पोरं एकच शब्द वाचून राह्यले."

"पुसलं तं तिचं अक्षर जाईन, मावशी."

"मंग वाक्य तं लिही. मालूम हाय ना तुले?"

त्यानं खडू उचलला. माझ्यावर टेकवला. मग खिशात ठेवून दिला.

दवानं अक्षरं रोज थोडी उडतात. अर्थाची ओळ निम्मी गेली. मी लाकूड, मला ती धरून ठेवता येत नाहीत. मित्रांनो, जाता-येता माझ्यावरून हात फिरवू नका, दप्तर टेकवू नका. एवढंच मागणं आहे.

आजही तो येऊन गेला. राजकुमारचं वाक्य अजून लिहायचं राहिलं आहे.