अनुमोदकाची सही

श्रुतिकाचं पत्र शाळेच्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर आलं होतं. निळं आंतर्देशीय, त्यावर कुडाळचा शिक्का. त्या पत्राचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. तिने एकच गोष्ट विचारली होती. ‘संघमित्राने फॉर्म मागे का घेतला, सर? माझ्यावर चिडून, की माझ्यासाठी? तिला विचारायला मला तोंड नाही. तुम्ही तिथे होतात. मला खरं काय ते सांगा.’

उत्तर मला माहीत होतं. निदान तसं मला वाटत होतं. पण ते सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं मोडायला जी हिंमत लागते ती माझ्याजवळ नव्हती. दोन-तीनदा लिहायला बसलो. ‘चि. श्रुतिकास’ एवढं लिहून झालं की पुढचं वाक्य खोटं वाटायचं.

ही शाळा घाटकोपरला, टेकडीच्या पायथ्याशी. कचेरीतून निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून मी तिथलं ग्रंथालय सांभाळायला जाऊ लागलो. पगार नाही, हजेरी नाही. पुस्तकांना कव्हरं घालायची, मुलं मागतील ते पुस्तक काढून द्यायचं. मुलांशी बोलायची मला भीतीच वाटायची. पण नववी ‘ब’मधल्या दोघी मधल्या सुट्टीत रोज यायच्या आणि माझ्या गप्प राहण्याची त्यांना काही अडचण वाटत नसे. त्यातली संघमित्रा वाचायची आणि श्रुतिका तिच्या बाजूला बसून बडबडायची.

“ए, पान उलट ना. किती वेळ तेच?”

“तू गप बस गं. मला कळू दे.”

“कळण्यासारखं काय आहे त्यात? मेला ना तो? मग पुढे जा.”

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. या दोघी कायम एकमेकींचं दार धरायच्या. त्या वर्षी, म्हणजे कोरोनानंतर शाळा पुन्हा सुरळीत भरू लागली तेव्हा, मुख्याध्यापिका अनुपमाबाईंनी नववी ‘ब’च्या विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक घ्यायचं ठरवलं. संघमित्रा लगेच उभी राहिली. तिला एकच काम करून घ्यायचं होतं, ती कडी.

निवडणूक अधिकारी म्हणून बाईंनी मला नेमलं. “तुम्ही कोणाच्या अध्यात ना मध्यात, सर,” त्या म्हणाल्या. मी फार हुरळलो. निवडणूक अगदी खऱ्यासारखी घ्यायची असं मनात घेतलं. नियमांचं पुस्तक आणून वाचलं. अर्ज, छाननी, माघार, चिन्हं, मतदान, मोजणी असं सगळं कागदावर मांडलं. नुसते हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकूनही चाललं असतं. मीच अर्जावर सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या हव्यात असा नियम घातला. छाननीच्या वेळी दोघांनी हजर राहायचं, हेही माझंच.

संघमित्राचा सूचक तिच्या गल्लीतला सम्यक झाला. अनुमोदक म्हणून श्रुतिकाने सही केली ती माझ्या टेबलावर, माझ्यासमोर. “सर, सही मराठीत करू की इंग्लिशमध्ये?” तिने विचारलं होतं. “माझी इंग्लिश सही जास्त झकास आहे.” मी म्हटलं, मराठीत कर. तिने जीभ दातात धरून सावकाश सही केली आणि कागदावर फुंकर मारली.

दुसरा अर्ज त्याच वर्गातल्या केतनचा होता. केतनचे वडील शिवदासभाऊ म्हणजे टेकडीवरच्या वस्तीच्या पुनर्विकास समितीचे अध्यक्ष. कोणाची खोली पात्र आणि कोणाची अपात्र याची यादी सरकारी कचेरीत ठरते, पण कागद शिवदासभाऊंच्या हातून जातात, असं सगळी वस्ती मानायची. श्रुतिकाच्या घराचा एक जुना पुरावा सापडत नव्हता. तिचे वडील लवू परब कंत्राटदाराच्या कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांचे वडील गिरणीत होते, आणि गिरणी बंद झाल्यावर ते कुटुंब लालबागहून या टेकडीवर आलं होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. छाननीच्या दिवशी मी वर्गात गेलो तो इस्त्रीचा सदरा घालून.

अर्ज वाचून दाखवले. “कोणाची हरकत?” असं मी नियमाप्रमाणे विचारलं. कोणी काही बोलेल अशी माझी कल्पना नव्हती.

केतन उभा राहिला. “हरकत आहे, सर.”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “आला रे वकील!” सगळे हसले.

“संघमित्राच्या फॉर्मवर श्रुतिकाची सही आहे ना? ती तिची नाहीये. तिलाच विचारा.”

श्रुतिका उभी राहिली. माझ्याकडे नाही, फळ्याकडे बघत होती. “माझी नाही, सर.”

“काय?” संघमित्रा हसलीच आधी. “ए, नाटक नको करू यार. माझ्याच पेनाने केलीस ना?”

“मी नाही केली. तिने स्वतःच केली असेल.”

वर्गात कुजबुज सुरू झाली. “त्या गल्लीतले असंच करतात,” असं कोणीतरी मुद्दाम ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं. संघमित्राच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

मी उभ्या आयुष्यात चारचौघांत कोणाला खोटं ठरवलेलं नाही. कचेरीत साहेबांनी माझी चूक नसताना माझ्यावर ठपका ठेवला तेव्हाही मी नाही बोललो. पण त्या दिवशी बोललो. “सही श्रुतिकाचीच आहे. तिने माझ्यासमोर केली आहे. हरकत फेटाळली. अर्ज वैध.”

श्रुतिका खाली बसली. तिने डोकं बाकावर ठेवलं. संध्याकाळी मी घरी जाताना, मोठं काहीतरी केल्यासारखा ताठ चालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू परब ग्रंथालयात आले. कामावरूनच आले होते, अंगावर नारिंगी जाकीट. आत यावं की नको असे दारातच घुटमळले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सर, तुमी माज्या पोरीक सगळ्यांसमोर खोटी पाडलात.”

“पण सही तिचीच होती, परब.”

“तिचीच होती. माका म्हायत नाय काय?” ते म्हणाले. “तिका नाय म्हणूक मीच सांगितलंय.”

“शिवदासभाऊंनी धमकी दिली का?”

“छ्या. तो कित्याक धमकी देतलो? चाय पाजल्यान माका. म्हणालो, लवू, तुजा चेडू आमच्या केतनच्या विरोधात सह्या करता काय? आणि हसलो. बास.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “त्या संघमित्राच्या मागे तिचे लोक उभे रवतत. मोर्चे काढतत. आमच्या मागे कोण आसा? खोली गेली तर आमी जावचा खंय, सर?”

मी म्हणालो, “मी बघतो.” काय बघणार होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. ते गेले.

पुस्तकांच्या कपाटामागून संघमित्रा बाहेर आली. ती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं.

“माघार आजच ना, सर?”

“दुपारपर्यंत.”

“कागद द्या.”

मी म्हटलं, घाई करू नको, तुझी बाजू खरी आहे. ती म्हणाली, “बाजू खरी आहे ते मला पण माहितीये. तिची खोली जाईल ना पण.” तिने माघारीचा अर्ज लिहिला, एका दमात, एकही खाडाखोड न करता. देताना म्हणाली, “तिला सांगू नका, सर. मी का घेतला ते. प्रॉमिस?”

मी प्रॉमिस दिलं.

केतन बिनविरोध निवडून आला. अनुपमाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी नववी ‘ब’च्या सामंजस्याचं कौतुक केलं, बिनविरोध ही आपल्याकडची फार चांगली प्रथा आहे म्हणाल्या. शिवदासभाऊंनी सगळ्या शाळेला पेढे वाटले. मलाही दिला. मी तो खाल्ला.

श्रुतिकाने बाक बदलला. संघमित्रा एकटीच ग्रंथालयात यायची आणि शाळेत पाणी प्यायची नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, “दार कोण धरणार?” कडी काही बसली नाही. केतन वाईट मुलगा नव्हता, त्याने दोनदा अर्जही दिला. मग विसरला.

दिवाळीनंतर यादी लागली. परबांची खोली अपात्र. शिवदासभाऊंनी काही केलं नाही, की त्यांच्या हातात काही नव्हतंच, कोण जाणे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. परब भाड्याच्या खोलीसाठी नालासोपाऱ्याला गेले आणि श्रुतिकाला कुडाळजवळ आत्याकडे ठेवलं. तिथून ते पत्र आलं. तेव्हा संघमित्रा दहावीत होती आणि क्लासमुळे ग्रंथालयात यायची बंद झाली होती. तिला गाठून परवानगी विचारता आली असती. आज विचारू, उद्या विचारू असं करत ती शाळेतून निघून गेली.

यंदा जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. मतदान करून मी बाहेर पडलो तर फाटकाशी कोणीतरी हाक मारली.

“सर! ओळखलंत का?”

संघमित्रा उंच झाली होती. केस कापले होते. मी ओळखलं म्हटलं. पहिलंच मतदान होतं तिचं. मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, “काही नाही. आत गेले, बटण दाबलं, टूं झालं. शाळेत तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त नियम लावले होते.” आणि हसली. त्या हसण्यामुळे मला धीर आला असावा. मी तिला पत्राबद्दल सांगितलं.

तिचं हसू गेलं. “कधी आलं होतं?”

“तू दहावीत असताना.”

“आणि तुम्ही आत्ता सांगताय?”

“तूच म्हणाली होतीस, तिला सांगू नका.”

“सर, मी पंधरा वर्षांची होते! पंधरा वर्षांच्या पोरीचं कोणी एवढं ऐकतं का?” आजूबाजूचे लोक बघू लागले तशी ती मला बाजूला घेऊन गेली. बुटाच्या टोकाने माती उकरत म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्ही सांगालच. मोठी माणसं सांगतातच ना. सांगू नका म्हटलं की हमखास. मग ती येईल, रडेल, आणि मी दोन दिवस भाव खाऊन माफ करीन. सगळं ठरवलं होतं मी. वाट बघितली. ती आलीच नाही.”

मला बसावंसं वाटलं. बसायला काही नव्हतं.

“आणि दुसरं पण आहे,” ती म्हणाली. “तिच्यासाठी घेतला, हे खरंय. तिच्या बाबांचं सगळं ऐकलं होतं ना मी. पण राग पण होता. मला वाटलं, आता मी मागे घेतला की ही आयुष्यभर माझ्यापुढे मान वर करणार नाही. हे पण होतं. दोन्ही होतं.”

“मग आता तिला काय लिहू?”

“हेच लिहा.”

“तुझा नंबर देऊ?”

तिने विचार केला. “नको. इन्स्टावर आहे ती, मी शोधलंय तिला. रिक्वेस्ट नाही पाठवली. तिला हवं असेल तर पाठवू दे ना तिने. दर वेळी मीच का?” मग बस आली म्हणून ती पळाली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहिलं.

‘चि. श्रुतिकास, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही. संघमित्राने तुझ्या बाबांचं माझ्याशी झालेलं बोलणं ऐकलं आणि तुमची खोली जाऊ नये म्हणून अर्ज मागे घेतला. तिला तुझा रागही आला होता. हे ती स्वतः काल म्हणाली. ती तुझी वाट बघत होती. तुला सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. तुला वर्गात सर्वांसमोर खोटं पाडलं तेव्हा मी खरं बोललो होतो. तेच तुला बाजूला बोलावून विचारायला हवं होतं, हे मला सुचलं नाही. तिने नंबर द्यायला नको सांगितलं आहे. तू तिला इन्स्टावर शोधावंस असं तिला वाटतं, असं मी समजतो. माझं समजणं चुकीचं असू शकतं.’

शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं. राहू दिलं.

पत्ता आत्याचाच घातला. श्रुतिका अजून तिथे असेल का, दहावीनंतर कुठे गेली असेल, काही कल्पना नाही. मागच्या बाजूला माझा पत्ता लिहिला, म्हणजे ती नसली तर निदान परत येईल. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, “स्पीड पोस्ट करू का, आजोबा? लवकर जाईल.” मी हो म्हणालो. त्यांनी पाकीट वजन करून मागच्या पिशवीत टाकलं आणि पुढच्या माणसाला हात केला.