दोनशे चौदा

धूर दिसला, भोंगा वाजला आणि आम्ही सगळ्या फाटकापाशी रांगेत उभ्या राहिलो. माझी धाकटी जाऊ मात्र दिसेना. आम्ही दोघी एकाच घरातून निघतो, एकाच कारखान्यात शिरतो. पण मी कंपनीची, ती ठेकेदाराची. मला बूट, डॉक्टर, भरपगारी रजा. तिला हातमोजेसुद्धा घरून आणावे लागतात. मागच्या गोदामात ती एकटीच असते आणि तिथे भोंगाच बसवलेला नाही.

सुरक्षा अधिकारी यादीतले नंबर पुकारत होता.

"साहेब, माझी जाऊ गोदामात राहिलीय!"

त्याने मानही वर केली नाही. "ठेकेदाराची माणसं ठेकेदार मोजेल. आधी माझी यादी."

ठेकेदार सकाळी तोंड दाखवून जातो, तो जातोच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोनशे चौदा!"

माझा नंबर. मी ओठ घट्ट मिटले.

"दोनशे चौदा! अरे, कुठंय ही बाई?" त्याचा आवाज चिरकला.

रांगेतल्या शेजारणीने माझ्याकडे पाहिलं, माझा नंबराचा बिल्ला हाताने झाकला आणि ओरडली, "गोदामात गेली होती!"

नुकत्याच आलेल्या बंबावरचे दोन जवान तडक आत धावले. माझा जीव टांगणीला लागला.

जाऊ बाहेर आली ती काळवंडलेली, खोकत, पण स्वतःच्या पायांवर.

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडून यादीवर खूण केली. "सापडली दोनशे चौदा."

मी बिल्ला त्याच्या नाकासमोर धरला.

"दोनशे चौदा मी आहे, साहेब. आता ही कोण, ते तुमच्या यादीत बघून सांगा."