नाव पुकारलं तेव्हा

आमच्या गावाला सत्काराचा भारी सोस. कुणाचा पोरगा फौजेत लागला, बांधा फेटा. कुणी पतसंस्थेत संचालक झाला, आणा नारळ. मला ते कधीच पटलं नाही, पण माहेरवाशिणीचं कोण ऐकतंय!

शहाण्णव सालची गोष्ट. पलूसकडची आमची द्राक्षबाग सलग दोन हंगाम अवकाळी पावसानं झोडपली होती. माझे वडील, निवृत्त सुभेदार आप्पासाहेब, नुकसान सोसून उभे होते. त्यांना छळत होतं ते वेगळंच. हवामान बिघडतंय म्हणून सरकारनं परदेशात करारावर सही केली, मग पुढं काय केलं? मंत्र्यानं संसदेत उभं राहून हे सांगावं, एवढाच त्यांचा हट्ट. वर्षभर हेलपाटे घातल्यावर खासदारांनी प्रश्न दिला. तो सोडतीत वर निघाला, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर देणं आलं, आणि पेपरात बातमी आली.

झालं! बातमी आली म्हणजे काम फत्ते, असं समजून सरपंच भाऊसोंनी सत्कार ठरवून टाकला. प्रश्न कोणत्या दिवशी पुकारणार, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

सत्काराच्या दिवशीही आप्पा नेहमीसारखे टीव्हीवर प्रश्नोत्तराचा तास बघत होते. मी शेजारीच होते. अध्यक्षांनी आमच्या खासदारांचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. अध्यक्षांनी पुढचं नाव घेतलं. बाहेर हलगी कडाडली, खासदारांची जीप मांडवापुढं आली होती. आप्पांनी टीव्ही बंद केला आणि आम्ही दोघं मांडवाकडं निघालो.

फेटा बांधायचा मान आप्पांचा होता.

"साहेब, आत्ता दिल्लीत तुमचं नाव पुकारलं."

"व्हय, ठाऊक हाय. पर गावाचा मान मोडवंना. लेखी उत्तर येतंय की."

"त्याच्यावर मंत्र्याला उलटा प्रश्न इचारता येतो का?"

"त्ये न्हाई येत," खासदार ओशाळवाणं हसले.

"आवं आप्पा, लोक थांबल्यात," भाऊसो कुजबुजले.

आप्पा लोकांकडं वळले. "जाब इचाराय ह्यास्नी आपुनच दिल्लीला धाडलं. आन् इचारायच्या टायमाला आपुनच माघारी बोलावलं. आता मंत्र्याला बोल कुठल्या तोंडानं लावायचा?"

भाऊसोंनी आप्पांच्या हातातला फेटा काढून घेतला, खासदारांच्या डोक्याला गुंडाळला आणि फोटोवाल्याला पुढं बोलावलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पा तेवढे रिकामे हात घेऊन उभे राहिले.